जपानला पाठवणारी सुलक्षणा

सुलक्षणा आगाशेला लंडनमधल्या हॅरो-ऑन-द-हिल स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर एका जागी उभी राहिलेली मी कधी पाहिली नाही. बाकीची माणसं ट्रेनचं दार नेमकं कुठे येतं ते ठाऊक असल्यासारखी ठरलेल्या जागी थांबतात. ही या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहायची आणि ट्रेन आली की समोर येईल त्या डब्यात शिरायची. आत जागा असली तरी बसायची नाही. आठ वर्षं आम्ही सकाळी एकाच ट्रेनने जात होतो. त्यामुळे तिची ही हकिगत मला तुकड्यातुकड्यांनी आणि बहुतेक उभ्याउभ्याच कळली.

तिची नोकरी ऐकणाऱ्याला गमतीची वाटायची. जपानच्या पश्चिम किनाऱ्यावर, हिवाळ्यात कमरेएवढा बर्फ पडतो अशा एका लहानशा शहरात शिओमी नावाचं विद्यापीठ आहे. जपानमध्ये अठरा वर्षांची मुलंच दरवर्षी कमी होत चाललेली, तेव्हा वर्ग भरायचे तर बाहेरून विद्यार्थी आणले पाहिजेत, असं त्या विद्यापीठाने ठरवलं आणि लंडनला, यूस्टनजवळ, एका डेंटिस्टच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्यांचं ऑफिस उघडलं. त्यात दोनच माणसं. एक मोरीता-सान, म्हणजे साठीच्या जवळ आलेले मितभाषी प्रमुख, आणि दुसरी सुलक्षणा.

घडीचा बॅनर खांद्याला अडकवून ती स्लाऊपासून एडिनबरापर्यंत शाळा-कॉलेजांत जायची. मुलांना सांगायची, की डिग्री इंग्रजीतून करता येते. जपानीचं एक अक्षर येत नसलं तरी चालेल, ते तिथे शिकवतात. मार्क चांगले असतील तर फी निम्मी किंवा पूर्ण माफ. पहिलं वर्ष वसतिगृहात खोली नक्की. आणि प्रत्येक नव्या मुलाला एक ट्यूटर मिळतो. ट्यूटर म्हणजे शिकवणीचे मास्तर नव्हेत, तर तिथलाच वरच्या वर्गातला एखादा विद्यार्थी. तो स्टेशनवर घ्यायला येतो, नगरपालिकेत नाव नोंदवायला बरोबर येतो, फोन घेऊन देतो, कुठल्या वारी कुठला कचरा बाहेर ठेवायचा ते दाखवतो. पुढे खोली भाड्याने घ्यायची झाली तर जामीन विद्यापीठच राहतं.

हे सगळं ती इतकं छान सांगायची की शेवटी कुणीतरी हमखास विचारायचं, "तुम्ही तिथे किती वर्षं होता?"

"माझी जपानी पुण्यात सुरू झाली," असं म्हणून ती पुढच्या प्रश्नाकडे वळायची.

कारण सुलक्षणा जपानला कधी गेलेलीच नव्हती.

ती पुण्यात बिबवेवाडीला वाढली. वडील टेलिफोन खात्यात. सतराव्या वर्षी मैत्रिणीला सोबत म्हणून जपानीच्या क्लासला गेली. मैत्रिणीने दोन महिन्यांत सोडलं, ही मात्र चिकटली. एकविसाव्या वर्षी, १९९८ साली, तिला तिकडच्या एका विद्यापीठाची वर्षभराची स्कॉलरशिप मिळाली. व्हिसा झाला, बॅग आली, स्वेटर विणून झाले. निघायला तीन आठवडे असताना वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. जाऊ नकोस असं तिला कुणीच म्हटलं नाही. आई तर म्हणाली, "तू जा, मी बघते." पण ती गेली नाही.

इथपर्यंत सगळं समजण्यासारखं आहे. बोच पुढची होती. क्लासच्या सरांनी तिकडे कळवलं होतं, त्यावर विद्यापीठाचं पत्र आलं. वडिलांना लवकर बरं वाटो, आम्ही तुमची जागा पुढच्या सत्रापर्यंत ठेवू शकतो, फक्त तसं आम्हाला लिहून कळवा. सुलक्षणाने ते पत्र टेबलाच्या खणात ठेवलं. उद्या लिहू, परवा लिहू. महिना गेला. दुसरं पत्र आलं, ते तिने फोडलंही नाही.

पुढे लग्न झालं. नवरा माधव भूलतज्ज्ञ. त्याच्या हॉस्पिटलच्या नोकरीमुळे दोघं हॅरोला आली. मुलगा अनय मोठा होऊन लीड्सला शिकायला गेला. मधल्या काळात ती घरबसल्या जपानी कंपन्यांची मॅन्युअल्स भाषांतरित करत राहिली. माधवने दोनदा जपानची तिकिटं काढायचं मनावर घेतलं होतं. एकदा ती म्हणाली वसंतात फार गर्दी असते, एकदा म्हणाली उन्हाळ्यात फार उकडतं.

मोरीता-साननी तिला २०१७ साली नोकरीवर घेतलं तेव्हा तिने त्यांना खरं सांगितलं होतं. ते म्हणाले, "मग आपण तुम्हाला पाठवू." पाठवायचं ठरलं मार्च २०२० मध्ये. नेमकं तेव्हा जग बंद झालं. जपानने दारं लावली आणि बाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी ती जवळजवळ दोन वर्षं धडपणे उघडली नाहीत. प्रवेश मिळालेली अकरा मुलं इकडे आपापल्या घरात, वेळेच्या फरकामुळे पहाटे उठून स्क्रीनवर लेक्चर ऐकत होती. दर सोमवारी सुलक्षणा एकेकाला फोन करून सांगायची, "अजून काही कळलेलं नाही." चौघांनी नाद सोडला. ती म्हणते, त्या दोन वर्षांत तिचं घरीसुद्धा बसणं संपलं. फोनवर बोलता बोलता ती स्वयंपाकघर ते जिना, जिना ते स्वयंपाकघर अशा फेऱ्या मारायची. माधव म्हणाला, "कार्पेट झिजेल गं," तर त्याच्यावरच खेकसली.

अयेलेत तिला भेटली ती नोव्हेंबर २०२२ मध्ये, हॅरोतल्याच एका सिक्स्थ फॉर्म, म्हणजे अकरावी-बारावीच्या, कॉलेजच्या करिअर फेअरला. टेबलापाशी एक उंच, किडकिडीत मुलगी आली. तिच्या दंडाला धरून एक म्हातारी बाई होत्या. बाईंना समोरचं नीट दिसत नव्हतं. त्या बॅनर बोटांनी चाचपत होत्या.

"आजी, हा बाई जपानचा आहे," मुलगी म्हणाली.

सुलक्षणाला हसू आवरेना. "हा बाई नव्हे, ही बाई. आणि जपानची नाही, पुण्याची."

"अगो बाई!" म्हातारीने आवाजाच्या दिशेने मान वळवली. "तू मराठी? मी फ्लोरा. फ्लोरा झिराडकर. भायखळ्याची. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले ज्यू."

फ्लोराबाई सत्तरच्या दशकात नवऱ्याबरोबर लंडनला आल्या आणि तीस वर्षं एका सरकारी कचेरीत टायपिस्ट होत्या. नवरा गेलेला. मुलगा योनी घटस्फोटानंतर इस्राएलला जाऊन राहिला, सूनबाईने दुसरा संसार मांडला, आणि तेराव्या वर्षापासून नात अयेलेत आजीजवळ हॅरोला वाढली. घरात आजीशी मराठी आणि बाकी सगळ्या जगाशी इंग्रजी. तिला समुद्री शेवाळाचा अभ्यास करायचा होता. शिओमीला त्यासाठी किनाऱ्यावरच प्रयोगशाळा होती.

"शेवाळ!" फ्लोराबाई म्हणाल्या. "कोळंबी-शिंपले आम्हाला चालत नाहीत, तर ही शेवाळ खाणार!"

"खाणार नाही आजी, study करणार."

"ते असू दे. सुलक्षणा, मला एक सांग. आम्ही शनवार तेली. अलिबागकडे आमच्या लोकांनी शनवारी घाणा चालवला नाही, म्हणून ते नाव पडलं. ही तिकडे जाऊन शनवारी पेपर लिहिणार का?"

"विचारून सांगते, फ्लोरामावशी," सुलक्षणा म्हणाली. मावशी हा शब्द तिच्या तोंडून आपोआप निघून गेला.

तिने विचारलं. पहिलं उत्तर आलं की बुडालेले तास शनिवारी भरून काढायची पद्धत आहे आणि वेळापत्रक सर्वांना सारखं असतं. तिने पुन्हा लिहिलं. मग तिसऱ्यांदा लिहिलं, या वेळी थेट शेवाळाच्या प्राध्यापकांना. महिन्याने कळलं, की शनिवारचं प्रॅक्टिकल ती बुधवारच्या गटाबरोबर करू शकते, परीक्षा शनिवारी आली तर तिची वेगळी घेऊ. मात्र दर सत्राला नवा अर्ज भरावा लागेल. वसतिगृहाच्या किचनमध्ये तिला स्वतःची भांडी आणि वेगळा कप्पा मिळेल. सुलक्षणाने ही बातमी फ्लोराबाईंना फोनवर सांगितली. त्या म्हणाल्या, "म्हणजे आता माझ्याकडे कारण उरलं नाही."

२०२३ च्या मे महिन्यात अयेलेतला प्रवेश मिळाला. फी पूर्ण माफ. सत्र ऑक्टोबरचं. जूनच्या तीस तारखेपर्यंत फक्त 'मी येते' एवढं कळवायचं होतं.

आणि अयेलेत गप्प झाली.

ईमेलला उत्तर नाही, फोन थेट व्हॉइसमेलवर. सुलक्षणा सकाळी ट्रेनमध्ये फोन काढून पाहायची, पर्समध्ये टाकायची, पुढच्या स्टेशनला पुन्हा काढायची. मोरीता-सान म्हणाले, "दोनदा आठवण द्यायची. तिसऱ्यांदा नाही. निर्णय विद्यार्थ्याचा असतो." नियम बरोबरच होता. सव्वीस तारखेच्या सोमवारी तिने ऑफिसातले कोरे फॉर्म तीनदा मोजले, नीट लावलेली पुस्तकं पुन्हा लावली. मंगळवारी संध्याकाळी हॅरोला उतरली ती घरी न जाता वील्डस्टोनच्या दिशेने चालू लागली. अयेलेतचा पत्ता तिने अर्जावरून लिहून घेतला होता. हे करायला परवानगी नव्हती, आणि तिला ते माहीत होतं.

दार अयेलेतने उघडलं. तिला पाहून ती इतकी दचकली की आत या म्हणायचंही विसरली. किचनमध्ये शेगडीच्या प्रत्येक बटणावर जाड पिवळ्या टेपचे ठिपके चिकटवले होते. फ्रिजवर डोळ्यांच्या इंजेक्शनच्या तारखा मोठ्या काळ्या आकड्यांत लिहिलेल्या होत्या.

"आजीचा डोळा गेला," अयेलेत म्हणाली. "दोन्ही, almost. मार्चमध्ये ती जिन्यावरून पडला. मी कसा जाऊ? आणि कसा लिहू? त्यांनी शनिवारचा सगळा बदलला माझ्यासाठी. तुम्ही एवढा केला. मग मी काय म्हणू, sorry, bye? रोज लिहायला बसते. I just can't."

सुलक्षणा खुर्चीवर बसली होती, ती उठली. खिडकीपाशी गेली, परत आली. मग तिने अयेलेतला खणातल्या पत्राची गोष्ट सांगितली. वडिलांची, पहिल्या पत्राची आणि न फोडलेल्या दुसऱ्या पत्राची.

"मग नंतर गेलात ना? जॉबसाठी?"

"नाही. मी कधीच गेले नाही."

"पण तुम्ही सगळा सांगितला! ट्रेनचा, बर्फाचा, कचऱ्याचा!"

"वाचून. ऐकून. तिथे गेलेल्या मुलांना विचारून."

"That's a lie, आंटी."

"हो," सुलक्षणा म्हणाली. "मी ते कधी तोंडाने म्हटलं नाही, पण लोकांना तसं वाटू दिलं. म्हणजे खोटंच." ती पुन्हा खिडकीकडे वळली. "मी तुला जा म्हणायला आलेली नाही, अयेलेत. नाही म्हणायचं तर नाही म्हण. पण लिही. जे आहे ते लिही. न लिहिता राहू नकोस."

"काय लिहायचं राहिलंय?"

मागच्या बागेच्या दारात फ्लोराबाई उभ्या होत्या. एक हात चौकटीवर, दुसऱ्या हातात छोटा रेडिओ. बऱ्याच आधीपासून उभ्या असाव्यात.

"तू मला काय सांगितलंस?" त्या नातीला म्हणाल्या. "जपानवाल्यांचं उत्तर आलं नाही म्हणून. रोज मी विचारते, रोज तू सांगतेस, नाही आलं. माझ्या डोळ्यांचं नाव सांगून घरी बसतेस?"

"आजी, तू पडला होता—"

"पडले, मग उठले. मी एकोणऐंशी वर्षांची आहे. तू चार वर्षं माझ्याजवळ बसलीस तर चार वर्षांनी मी एक तर मेलेली असेन, नाही तर अशीच असेन. दोन्हींत तुझ्या बसण्याचा मला काय उपयोग?" मग त्यांनी तोंड सुलक्षणाच्या दिशेने वळवलं. "आणि तू गं? ही पोर आहे. तू केवढी बाई! माणसाने विचारलेल्याला उत्तर द्यावं, एवढंही तुला कळू नये?"

अयेलेत टेबलावर डोकं ठेवून रडायला लागली. रडता रडता म्हणाली, "It's not just you, आजी. मला भीती वाटते. तू पडला तेव्हा मला वाटला, आता जावं नाही लागणार. मला बरा वाटला. I'm horrible."

सुलक्षणा मला म्हणाली, "त्या वाक्याला मी उभीच होते म्हणून बरं. बसलेली असते तर उठता आलं नसतं. पंचवीस वर्षं मी सगळ्यांना बाबांचं कारण सांगत होते. बाबा आजारी पडले तेव्हा मलाही आतून सुटल्यासारखं वाटलं होतं, हे मी स्वतःलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं."

पत्र त्याच संध्याकाळी लिहिलं गेलं, किचनच्या टेबलावर. इंग्रजीत, अयेलेतच्या शब्दांत, आणि त्यात भीती वाटते हेही होतं. सुलक्षणाने फक्त वरचं संबोधन दुरुस्त केलं. शुक्रवारी उत्तर आलं. एप्रिलच्या सत्राला यावं, फी माफी तशीच राहील. तुमच्या आजींची काळजी कोण घेणार हे ठरलं की आम्हालाही कळवा, म्हणजे आम्ही निश्चिंत होऊ. तोपर्यंत तुमच्या ट्यूटरशी ओळख करून घ्यायची असेल तर ती तयार आहे. ट्यूटरचं नाव काना, दुसऱ्या वर्षाची. मग दर रविवारी सकाळी अयेलेत आणि काना स्क्रीनवर गप्पा मारू लागल्या. शेजारी फ्लोराबाई बसायच्या आणि मध्येच मराठीत विचारायच्या, "तिला विचार, तिकडे मटण मिळतं का?"

कौन्सिलला, म्हणजे तिथल्या नगरपालिकेला, घरासाठी फोन फ्लोराबाईंनी स्वतः लावला. तीन वेळा लावला, दोनदा भांडल्या. फेब्रुवारीत त्यांना शेल्टर्ड हाउसिंगमध्ये, म्हणजे म्हाताऱ्या माणसांसाठीच्या इमारतीत, एक छोटा फ्लॅट मिळाला. खाली वॉर्डन, भिंतीत मदतीसाठी ओढायची दोरी. फ्लॅट त्यांना अजिबात आवडला नाही. तरी त्या गेल्या. मार्च २०२४ च्या शेवटी अयेलेत विमानात बसली.

इथे गोष्ट संपली असती तर सुलक्षणा प्लॅटफॉर्मवर थांबायला शिकली असती. पण जूनमध्ये फ्लोराबाईंचा फोन आला. "सहा दिवस झाले, पोरीचा फोन बंद आहे."

सुलक्षणाने त्या एका सकाळी पाच पत्रं लिहिली. वसतिगृहाच्या व्यवस्थापकांना, समुपदेशकांना, प्राध्यापकांना, परदेशी विद्यार्थ्यांच्या कचेरीला आणि कानाला. दुसऱ्या दिवशी मोरीता-साननी तिला आपल्या खोलीत बोलावलं. दार लावलं. हे ते कधी करत नसत.

"काल तिकडे चार माणसांनी एका तासात एकाच मुलीचं दार वाजवलं," ते म्हणाले. "तिने आतून कडी लावली आहे."

"मला वाटलं, जितके जास्त लोक—"

"ती आठ दिवस वर्गात गेली नव्हती, हे कानाला माहीत होतं. कचेरीलाही माहीत होतं. तिथे एक माणूस ठरलेला असतो. बाकीच्यांनी आपापल्या जागी तयार राहायचं, त्या एकाने हाक मारली तर. सुलक्षणा-सान, तुम्ही त्या मुलीसाठी लिहीत होता की स्वतःसाठी?"

ती खाली उतरली आणि यूस्टनच्या फुटपाथवर चालत राहिली. तिला राग आला होता, आणि तो मोरीता-सानचा नव्हता.

नंतर कळलं ते असं. अयेलेतला कुणी त्रास दिला नव्हता. पाऊस थांबत नव्हता, प्रयोगशाळेतल्या मुली दुपारी आपसात जपानीत हसायच्या, आणि हिला त्यातलं निम्मं कळायचं. एक दिवस ती गेली नाही. मग दुसऱ्या दिवशी जाणं जास्त अवघड झालं, तिसऱ्या दिवशी आणखी. कानाने दार वाजवलं नाही. ती रोज संध्याकाळी त्या मजल्याच्या किचनमध्ये येऊन स्वयंपाक करू लागली. तिसऱ्या दिवशी तिने बाहेरूनच विचारलं, "अयेलेत, निळ्या झाकणाचं पातेलं तुझं का? मी त्यात डुकराचं मांस शिजवायला घेतलंय."

अयेलेत धावत बाहेर आली. पातेलं रिकामं होतं. काना म्हणाली, "बरं झालं, आलीस. जेवूया."

त्यानंतर ती समुपदेशकाकडे गेली. प्राध्यापकांच्या संमतीने दोन विषय पुढच्या सत्रावर टाकले. राहिली. सुलक्षणाला हे ऐकून हायसं वाटलं, आणि जरासं वाईटही. ते वाईट का वाटलं, हे ती मला हॅरोपासून फिंचली रोडपर्यंत समजावत होती. एकदा म्हणाली, "मला त्या कानाचा हेवा वाटतो." मग म्हणाली, "नाही, तसं नाही."

२०२५ च्या सुरुवातीला लंडनचं ऑफिस बंद करायचं ठरलं. पुढे सगळं ऑनलाइन. मोरीता-सान परत जाणार होते. जाण्यापूर्वी त्यांनी एक काम मात्र केलं. फायली सोपवायच्या निमित्ताने सुलक्षणाला फेब्रुवारीत नऊ दिवसांसाठी शिओमीला पाठवलं. स्टेशनवर तिला घ्यायला अयेलेत आली होती, डोक्यापासून पायापर्यंत बर्फाने पांढरी. तिसऱ्या दिवशी सुलक्षणाला सणकून ताप भरला आणि ती पाहुण्यांच्या खोलीत पडली. दवाखान्यात अयेलेत बरोबर. डॉक्टरांना सुलक्षणा शुद्ध जपानीत सांगत होती आणि डॉक्टर पुन्हा पुन्हा विचारत होते. अयेलेतने मोडक्यातोडक्या जपानीत दोन वाक्यं टाकली, ती त्यांना लगेच कळली.

"तुमचा जपानी textbook सारखा आहे, आंटी," अयेलेत म्हणाली. "जुना textbook."

"तुमची जपानी, अयेलेत. जपानी भाषा ती."

जपान कसं वाटलं, असं मी विचारलं. ती म्हणाली, "थंड. छत पाहिलं बरंच. आणि कचऱ्याचं मी सगळं बरोबर सांगत होते."

आल्यावर तिने तीन ठिकाणी अर्ज केले. एडिनबराच्या एका कॉलेजातून होकार आला. बाहेरून येणाऱ्या विद्यार्थ्यांना मदत करायची नोकरी. पाठवायचं नाही, उतरवून घ्यायचं.

"एडिनबरा?" माधवने विचारलं. "सोमवार ते गुरुवार? सुलू, आपण पन्नाशीला आलो."

"माहीत आहे."

"हॅरोत काही मिळणार नाही का?"

"मिळेल कदाचित. मी शोधलं नाही."

त्याने पेपरचं पान उलटलं. मग म्हणाला, "निदान हीटिंग असलेली खोली बघ." यापेक्षा जास्त बोलणं झालं नाही. ऑगस्टपासून ती जाऊ लागली. जायच्या आधीच्या रविवारी फ्लोराबाईंना भेटून आली. त्यांनी तिला शेल्टर्ड हाउसिंगच्या कार्पेटबद्दल तासभर ऐकवलं आणि दाराशी म्हणाल्या, "फोन कर. मी उचलते. तुझ्यासारखी नाही मी."

आता प्लॅटफॉर्मवर मी एकटीच असते. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तिचा फोन आला, संध्याकाळी पाचच्या सुमाराला. मागे बसचा आवाज होता. ती वरच्या मजल्यावर होती, आणि अर्थातच उभी. तिच्याबरोबर ओसाकाहून आलेली एक मुलगी होती. मुलीची बॅग विमानाबरोबर पोचली नव्हती, होस्टेलच्या खोलीत नुसती गादी होती, आणि तिला वाटलं होतं की पांघरूण कॉलेज देतं.

"कॉलेज नाही देत?" मी विचारलं.

"नाही ना. कुठल्याच कागदावर नीट लिहिलेलं नाही. उद्या मी ते लिहून घेणार आहे. आता पांघरायला दोन ड्यूव्हे घेतले, एक उशी, आणि मोठी पिशवीभर काहीबाही. वारा इतका आहे की ड्यूव्हे उडून जातात की काय असं झालं. उद्या हिला जीपीच्या दवाखान्यात नाव नोंदवायला न्यायचंय, मग बँक. ही अजून एक शब्द बोललेली नाही, नुसती मान हलवते. मी पण फार बोलत नाही. बघू." मग ती कुणाशी तरी जपानीत काहीतरी बोलली, हळू आवाजात. पलीकडून एक लहानसं उत्तर आल्याचं मला ऐकू आलं.

"थांब," सुलक्षणा मला म्हणाली, "आमचा स्टॉप आला." आणि फोन बंद झाला.